सखूवहिनीच्या बोटांवरचं पीठ

वैशाखरे, मे १९९७. संध्याकाळ.

दाराची कडी वाजली तरी धस्स होतंय. आमच्यात लग्नाचा चौक, तांदळाच्या पिठाचं देवाचं चित्र, भिंतीवर सवाशिणींनीच काढायचा. चमीच्या लग्नाचा आज सखूवहिनीनं काढला, आणि तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. चमीच्या आईनंच दार लावून घेतलं. म्हणाली, "तुझ्यासारखा हात कोणाचा नाय गो. तूच काढ."

दुपारी मुंबईहून पेपरवाली मुलगी आली. फोटो घेतला आणि मोठ्यानं विचारलं, "कोणी काढलं हे?" बाहेर ओट्यावर सगळे पुरुष. वहिनीच्या बोटांवर तांदळाचं पीठ अजून ओलं. तेवढ्यात चमीच्या आईनं पिठाच्या वाटीत हात बुडवला. मग काकीनं, मग मी. सगळ्यांचीच बोटं पांढरी.

"आमी सगल्यांनी," काकी म्हणाली.

वाचलो म्हणायचं का? उद्या हळद. हे फुटलं, तर चमीला नुसता ताप आला तरी गाव वहिनीचंच नाव घेईल. आणि मुलगी निघताना वहिनी तिच्या कानात काहीतरी बोलली, ते मी पाहिलं. मघाशी विचारलं, तर बोटांवरचं पीठ खरवडत शांतपणे म्हणाली,

"माझं नाव सांगितलं. छापणार हाय ती."