ग्रीसचे छत्तीस धडे

५ जून २०२५, गुरुवार

यंदा इतिहासाला ग्रीस! आणि पुस्तक मी निवडायचं — मी, आठवीत शाळा सोडलेला!

आमच्या चर्चच्या मंडळीतली दोन कुटुंबं मुलांना शाळेत घालत नाहीत, घरीच शिकवतात. चार वर्षं माझी थोरली बहीण नेत्राताई शिकवायची. पुस्तकंही तीच ठरवायची. ताईला जाऊन रविवारी चार महिने होतील. काल प्रार्थनेनंतर गुणाबाई म्हणाल्या, "दीपेश, तू पुस्तकांच्याच गोडाऊनमध्ये असतोस. तूच बघ बाबा. आणि आमच्या देवेशला नि ताईच्या मृणालीला शिकव पण तूच."

दाजी दारात चप्पल घालत होते. म्हणाले, "पंधरा तारखेपर्यंत वर्ग सुरू झाला तर ठीक. नाहीतर मृणालीला नाशिकला हॉस्टेलवर पाठवतो." माझ्याकडे बघितलंही नाही.

अकरा वर्षांची पोर! आई गेली. आता घरही काढून घ्यायचं?

७ जून

राहनाळच्या गोडाऊनमध्ये परतीच्या मालात तीन संच सापडले. प्राचीन ग्रीस, घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी. कोपरे दबलेत म्हणून गिऱ्हाइकांनी परत पाठवलेले. आमचे सुपरवायझर मुख्तारभाई, त्यांनी घरी न्यायला परवानगी दिली. वर टोमणा — "क्या मास्टर, यूनान जा रहा है? पहले ये गाड़ी तो खाली कर!"

८ जून, रविवार

डिक्शनरी घेऊन बसलो. तिन्ही चाळले.

लाल संच — ग्रीकांच्या देवांच्या गोष्टी इतक्या रंगवून सांगितल्यात की देवेश भर प्रार्थनेत विचारेल, हे खरे का? आपल्या श्रद्धेबद्दल एक ओळ नाही.

निळा संच — उलटंच. पानोपानी ग्रीकांना झोडपलंय. मूर्तिपूजक होते, चुकले, धडा संपला. ते मतदान कसं करायचे, नाटकं कशाला करायचे, काही नाही. आमच्या शेजाऱ्यांकडे गणपती बसतो. त्यांच्याबद्दल कुणी असं लिहिलं तर मला चालेल?

हिरवा संच — आधी त्यांचं म्हणणं ऐकून घेतो, मग बायबलमधलं आपलं वचन पुढे ठेवतो. ताईने हाच घेतला असता.

नक्की? चार वेळा तपासलं. हिरवाच.

९ जून

हिरव्यात प्रत्येक धड्यावर एकच सूचना आहे. आईने मोठ्याने वाचावे. मुलाने तिच्या शेजारी बसून ऐकावे आणि मग आपल्या शब्दांत सांगावे.

छत्तीस धडे. छत्तीस वेळा आई. लाल-निळ्यातही तेच.

जेवलो नाही.

११ जून

उपाय सापडला! चुकीच्या किमतीवर चिकटवायची कोरी लेबलं. छत्तीस घेतली, प्रत्येकावर 'मामा' लिहिलं, धड्यांवरच्या 'आई'वर पट्टी धरून सरळ चिकटवली. मुख्तारभाई डोकावले. "किसका दाम छुपा रहा है?"

सांगितलं. मग स्वतःच रोलमधून आणखी दोन फाडून दिली — "रख ले. एकाध उखड़ेगा."

१५ जून, रविवार

वर्ग सुरू झाला! गुणाबाईंच्या घरी, धामणकर नाक्याच्या मागे. शेजारी कापडाच्या लूमचा खडखडाट चालू, म्हणून जवळजवळ ओरडूनच वाचलं. देवेशला लढाई हवी होती, तर स्पार्टापासून सुरुवात केली. तिथे मुलगा सात वर्षांचा झाला की घरातून न्यायचे आणि छावणीत ठेवायचे.

"बरंय की! आईची कटकट नाही!" देवेश म्हणाला आणि जीभ चावली. गुणाबाईंनी डोळे वटारले.

मृणालीने धडा न अडखळता सांगितला, थेट ताईसारखी बोटांवर मुद्दे मोजत. मला बघवेना. सांगताना ती लेबलाच्या कडेवरून नख फिरवत होती. मग विचारलं, "मामा, छावणीतली सगळीच मुलं आईशिवाय असायची? एकाचीही आई नसायची तिथे?"

"एकाचीही नाही." ती घाबरली असेल म्हणून घाईने पुढे म्हणालो, "पण तुला कोण नेतंय? तू इथेच राहणार!"

तिने पुस्तक मिटलं.

दाजींना फोन केला — वर्ग सुरू झाला, आता नाशिक नको! "हं," म्हणाले. आवाज बसलेला. मी फार आनंदात होतो, म्हणून विचारलं नाही.

१६ जून, सोमवार

सकाळी दाजींचा टेम्पो गोडाऊनच्या गेटवर. आत मृणाली, मांडीवर बॅग.

दाजींनीच सांगितलं, हॉस्टेलचा विषय मुळात त्यांनी काढलाच नव्हता. ताई गेली त्याच महिन्यात मृणालीनेच हॉस्टेल मागितलं होतं. तेच तिला थोपवून धरत होते. वर्ग सुरू झाला की थांबेल, असं त्यांना वाटलं होतं. नाही थांबली.

मी खिडकीशी जाऊन विचारलं, का गं?

"मामा, तिथे संध्याकाळी कुणाचीच आई हाक मारत नाही."