कॅसेटची डावी कड

बोईसर,
१२ जानेवारी १९९८

ती. बायडीताईस,
एकनाथचा साष्टांग नमस्कार. भावोजींना सांग, मी अजून दोन वेळ जेवतो. खोलीतला नळ गळतोय आणि शिफ्टची बस मला टाकून जाते. बाकी ठीक.

दिवाळीत तू दिलेल्या तुझ्या लग्नाच्या कॅसेटची बुरशी पुसून सीडी केली, सोबत पाठवतोय. शेजाऱ्यांच्या प्लेअरवर लाव. उशिराबद्दल शिव्या नंतर घाल, आधी आमचं सीडी बनवायचं काम कसं चालतं ते ऐक. सीडीत जागा ठरलेली असते. चित्रात जे हलतं ते जागा खातं, जे स्थिर असतं ते थोडक्यात बसतं. मशीन आधी सगळी कॅसेट बघून कुठे किती जागा लागेल याचा आलेख काढतं, मग आम्ही हात सैल सोडायचा की आखडता घ्यायचा ते ठरवतो. फार आखडला की चित्राचे चौकोन होतात. चित्राच्या कडा टीव्हीच्या चौकटीआड जातात, म्हणून त्या काळ्या करून टाकतो. तेवढीच बचत.

तुझ्या पाठवणीत जीप उभी, बायका उभ्या. तिथे आलेख खाली यायला हवा होता, पण डाव्या कडेला तो चढलेला. आमच्या शिफ्टचे वामनसाहेब म्हणाले, "कडच हाय ना, काळी कर." केलीही. मग राहवेना, म्हणून कॉम्प्युटरवर मूळ चित्र पाहिलं. त्यात कडाही दिसतात.

मांडवाच्या कनातीआड बाबा उभा आहे, ताई. टॉवेल तोंडाशी धरून. त्याचे खांदे थांबतच नाहीत.

आता आठ वर्षं टाळलेलं लिहितो. जीपच्या दारातून तू विचारलंस, "बाबा कुठं हाय रे?" मी म्हणालो, "मिरचीला पाणी द्यायला गेला." मी त्याला शोधलंच नव्हतं. मी नाचत असताना त्याने बँड थांबवला म्हणून मी फुगलो होतो, तोंडाला आलं ते बोललो. तू "माझ्यापेक्षा मिरची मोठी" म्हणत माहेर तोडलंस, आणि मी दर भाऊबीजेला पालघरला येऊन तुझ्या हातचं निमूट जेवून गेलो. मला फार लाज वाटते.

काल घिवलीला जाऊन बाबाला सगळं सांगितलं. बराच वेळ मिरच्यांचे देठ खुडत बसला. मग म्हणाला, "मला रडताना बघून पोर जीपमधी चढली असती काय? नंतर ती इचारायला आली नाय, मी सांगायला गेलो नाय."

मी सीडी पुन्हा केली. कड दिसावी म्हणून चित्र थोडं आत ओढलं. कडेला लागलेली जागा माझ्याकडून घेतली. जीपच्या दाराशी फुलाफुलांच्या शर्टात जो उभा आहे, त्याच्या तोंडाचे नुसते चौकोन झालेत. त्याच्याकडे बघू नकोस. डावीकडे बघ.

येत्या रविवारी बाबा दार उघडं ठेवून बसणार आहे. त्या दिवशी मी घरी असावं की नाही, ते तू कळव.

तुझा, चौकोनी तोंडाचा,
एकनाथ