आईने ओतलेला वरचा रस

फाब्रिसिओ,

कुस्कोच्या दगडी गल्ल्यांतून दिवसभर माझा हात धरून फिरलास. चढावर धाप लागली की म्हणायचास, "तुमचं गाव आहे की शिडी?" मी हसायचे.

मग बाजारातल्या रसवालीला तोंड वर करून विचारलंस, "ए बाई, पेले धुतेस तरी का? तुम्हा डोंगरी लोकांचा काय भरवसा!"

मेल्या, ती माझी आई होती.

मी तिला ओळखत नसल्यासारखा पेला रिकामा केला. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग कुठल्याही गिऱ्हाइकाला फुकट घालते तसा माझ्या रिकाम्या पेल्यात भांड्यात उरलेला वरचा रस ओतला. "पुन्हा या हं, बाईसाहेब," म्हणाली.

मी नुसती मान हलवली.

तुला शिव्या घालायला एक पान पुरलं. दुसऱ्यावर तासाभरात "आई" एवढंच लिहून झालंय.

तुझी नव्हेच,
नील्दा