पाहुण्याची गाठ

३ फेब्रुवारी, मंगळवार
बाबा आले. सामान — एक बॅग आणि सहा गाठोडी, सगळी सुतळीने आवळलेली. दारातच सांगून टाकलं, "गुडघा बरा होईपर्यंतच हं." आई गेल्यापासून एकटे, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तरी होईपर्यंतच!

मला ते कायमचे इथे हवेत. हे अजून बोलले नाही. बोलले असते तर ते आल्या पावली परत गेले असते.

उत्साहाच्या भरात पहिल्याच गाठोड्याची सुतळी मी कात्रीने कापली. बाबा असे बघत राहिले, जणू मी शेजाऱ्यांच्या मांजराची शेपटीच छाटली. आमच्याकडे सुतळी कापत नाहीत, सोडतात. चाळिशी ओलांडली आणि मी विसरले. दोन्ही तुकडे उचलून त्यांनी खिशात घातले. बाकीच्या गाठोड्यांना हात लावू दिला नाही.

५ फेब्रुवारी
पाच गाठोडी दारामागे. तशीच बांधलेली. येता-जाता ठेचकाळते, पण सांगणार कोण?

९ फेब्रुवारी, सोमवार
बाबा घर बांधायला निघालेत — अक्षरशः. नळाच्या तोटीला दोरा बांधला. थेंब आता आवाज न करता दोऱ्यावरून उतरतो. खुर्चीचा डुगडुगता पाय बांधला. आपोआप उघडणारं कपाटाचं दार बांधलं. नवरा म्हणतो, "बाबांसमोर फार वेळ एका जागी बसू नकोस. तुलाही बांधतील."

स्वारीने मग खुर्चीत बसल्या बसल्या सुतळीचं लोंबतं टोक ओढून पाहिलं. गाठ सुटली आणि खुर्चीसकट जमिनीवर!

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जावईबुवा, सुरगाठ आहे ती. ओढली की सुटते. पाहुण्याने दुसऱ्याच्या घरात निरगाठ मारू नये."

सगळे हसलो. मी जरा कमी.

१४ फेब्रुवारी
घरभर हिंडून गाठी पाहिल्या. सगळ्या सुरगाठी. एकही पक्की नाही.

मी लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासते, तसा आज स्वतःचा तपासला. मला बाबा हवेत, की वडिलांना सांभाळणारी गुणी मुलगी म्हणवून घ्यायचंय? दोन्ही, थोडं थोडं. प्रमाण ठरवता येईना. शिवाय खुर्ची डुगडुगत नाही, हाही स्वार्थ आहेच.

२१ फेब्रुवारी, शनिवार
डॉक्टर म्हणाले, गुडघा उत्तम. बाबांना एवढा आनंद, की डॉक्टरांनाच जिने चढून दाखवायला निघाले. पुढच्या रविवारी घरी जाणार म्हणे.

मी भाषण तयार ठेवलं होतं. मुद्दे काढून. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि तोंडातून निघालं काय? "बाल्कनीतली कपड्यांची दोरी तुटलीय."

"बाजारात मिळते," बाबा म्हणाले.

धन्य माझी!

२८ फेब्रुवारी, शनिवार
बॅग भरून झाली. दुपारी ते कपाटाच्या दाराची सुतळी सोडायला लागले, तेव्हा मात्र राहवलं नाही.

"बाबा, नका जाऊ. इथेच राहा."

हात थांबले. म्हणाले, जड होईन तुला. आज नाही, पण होईन. मी म्हटलं, होईल तेव्हा भांडू, आत्तापासून कशाला? तर म्हणे, भांडणात तू आईवर गेली आहेस, माझा निभाव लागायचा नाही. असं हसण्यावारी नेलं की मला पुढे रेटता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

"तुम्ही निघालात ना," मी म्हटलं, "तर सगळी सुतळी कात्रीने कापून टाकीन."

"कापू नकोस," एवढंच म्हणाले. आणि आपल्या बॅगेतली सुतळीची गुंडाळी घेऊन खोलीत गेले. ना हो, ना नाही.

१ मार्च, रविवार
उठले तर बाल्कनीत नवी दोरी. गाठोड्यांच्या सगळ्या सुतळ्या एकीला एक जोडलेल्या, मधे माझे ते कापलेले दोन तुकडेही. त्यावर बाबांचे ओले शर्ट. सुतळीचे तंतू चिकटणार सगळ्या कपड्यांना. चिकटू देत.

खिडकीच्या गजाशी टोक ओढून पाहिलं. हललं नाही.

निरगाठ.