ज ला पहिली वेलांटी

कामठा, जि. गोंदिया
१२ नोव्हेंबर

ती. स्व. मंजूताईच्या दोन्ही पायांना (नव्या गुडघ्याच्या पायाला जरा जास्तच) धाकट्या अजूचा नमस्कार.

नवा गुडघा कसा आहे? जिना चढू देतो की जुनाच बरा होता? भाऊजींचा खोकला थंडीआधीच सुरू झाला असेल. त्यांना माझ्यातर्फे अडुळसा दे आणि माझ्यातर्फेच रागावून घे. इथे आम्ही सगळे बरे आहोत. धान कापून झालं, मळणी चालू आहे, त्यामुळे अंगणात, केसांत आणि कालपासून वरणातही कोंडा आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. फोन मी तीनदा केला, ताई. तिन्ही वेळा तू "बोल" म्हणालीस आणि तिन्ही वेळा मी "काही नाही गं, सहज" म्हणून ठेवला. पत्रात मधेच कोणी "बोल" म्हणत नाही, म्हणून बोलता येतं. सिस्टर फिलोमिना पत्रलेखनाच्या तासाला काय सांगायच्या ते आठवतं ना? आधी हवा, मग तब्येत, मग काम. आणि कामाची गोष्ट ताज्या कलमात ढकलणारी मुलगी जन्मभर मागच्या बाकावर बसते. तर हवा झाली, तब्येत झाली. आता काम.

भुपेंद्रला मुलगी झाली हे तुला कळलंच आहे. (बाळंतपण इथेच झालं. गोरेगावला गुंजनच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्यामुळे सूनबाईचं माहेरपण मीच करते आहे, आणि माझ्या हातचे लाडू ती आईच्या हातचे समजून खाते, इतकी समजूतदार आहे.) पोरगी गोरी नाही, काळी नाही, सध्या तांबडी आहे, आणि रडताना डावी मूठ वर करते, मोर्चात आल्यासारखी. अशा मुलीला नाव सापडणं सोपं असायला हवं. पण आमचं आडनाव शरणागत. घराण्यातलं कोण, कधी आणि कोणाला शरण गेलं याचा कोणाला पत्ता नाही. सासरे मनिरामजी सांगत, देवाला. गावातले म्हणतात, बायकांना. हे म्हणतात, कोणाला तरी गेले म्हणून तर वाचले, आणि वाचले म्हणून आपण आहोत. (हे म्हणजे कैलाश. बघ, लिहिताना नाव घेते, तोंडाने अजून नाही.) आडनाव वाईट नाही, भक्तिभावाचं आहे, पण त्याच्याआधी कुठलंही चांगलं नाव ठेवा, ते हात वर करतं. प्रगती शरणागत. आशा शरणागत. प्रतिभा शरणागत. श्रद्धा आणि भक्ती तेवढ्या तगतात, पण त्यांनी आश्रमात अर्ज केलाय असं वाटतं. भुपेंद्रचा जीव वीरा या नावावर होता. तो बिरसीच्या विमानतळावर नोकरीला आहे. तिथल्या एका हरियाणवी जवानाने नाव ऐकून विचारलं, "वीरा शरणागत? मतलब लड़ाई से पहले ही हाथ ऊपर?" पोरगा त्या दिवशी डबा तसाच परत घेऊन आला.

आता खरं सांगते. मला तिचं नाव अजिता ठेवायचं होतं. माझ्या लग्नात काय झालं ते कोणाला आठवत असेल तर तुलाच. पत्रिका छापून आली आणि कोणीतरी मास्तर पाहुण्याने सासऱ्यांना अर्थ फोडून सांगितला, की अजिता म्हणजे जिला कोणी जिंकू शकलं नाही ती. सासरे हसले. माणूस वाईट नव्हता गं, फार मोठ्याने हसायचा एवढंच. म्हणाले, शरणागतांच्या घरात न जिंकलेली कशी राहील, एक तर आडनाव बदला नाही तर पोरीचं नाव. आडनाव कोण बदलतंय? परातीत तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीने त्यात नम्रता असं लिहिलं. नम्रता शरणागत. आधीच शरण आणि वर नम्र, म्हणजे उठायची सोयच नको. लिहून झाल्यावर ह्यांनी हळूच, मला एकटीला ऐकू येईल असं विचारलं, "चालेल ना?" मी म्हणाले, चालेल. तू माझ्यामागे उभी होतीस आणि तू मला कोपराने ढोसलंस. ती ढोसणी अजून बरगडीत आहे. मी नाही म्हटलं असतं तर ह्यांनी हाताने तांदूळ सारखे केले असते, असं मला चाळीस वर्षं वाटत आलं आहे. तांदूळच तर होते. हात फिरवला की पुसलं.

असो. आमच्याकडे नाव नुसतं ऐकायला गोड असून भागत नाही. सासूबाईंचा (धुरपताबाई, वय पंच्याऐंशी, दात नाहीत, धार आहे) नियम असा की नाव बांधीच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर गेलं पाहिजे. (बांधी म्हणजे धानाचं शेत आणि धुरा म्हणजे त्याचा बांध गं, नागपुरात राहून विसरली असशील.) शेतातल्या माणसाला जेवायला बोलावता आलं नाही तर ते नाव कायले ठेवता, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे रोज संध्याकाळी भुपेंद्र घरामागच्या मोकळ्या बांधीच्या त्या टोकाला जाऊन उभा राहतो आणि चेतना या टोकावरून नावं पुकारते. (चेतना बाळाची आत्या, म्हणून कानात नाव सांगायचा मान तिचा. त्या मानापायी ती रोज गोंदियाहून येते आणि जाताना भाजी घेऊन जाते.) कियारा पुकारलं तेव्हा शेजारचे छोटेलाल काठी घेऊन पळत आले, "कोनती बकरी हरपली जी?" रियांशी अर्ध्या बांधीतच बुडालं. दुर्गेश्वरी व्यवस्थित पोचलं, पण सासूबाईंनी ते कापलं, की देवीच शरण गेली तर पूजा कोणाची करायची? "पोरीचं नाव ठेवून राहिले का दुकानाची पाटी रंगवून राहिले?" असं त्या रोज विचारतात. स्वतः बाळाला पोट्टी म्हणतात, आणि बाळ त्यांच्याकडेच बघतं.

मागच्या सोमवारी जेवताना मी धीर केला. कढी वाढता वाढता म्हटलं, अजिता कसं वाटतं? आवाज इतका बारीक निघाला की भुपेंद्रने "अचार?" म्हणत लोणच्याची बरणी पुढे केली. मी पुन्हा सांगितलं. त्याने डोळे मिटून आडनावासकट म्हणून पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "आई, हे तर एकाच शटरवर 'उघडे आहे' आणि 'बंद आहे', दोन्ही पाट्या." चेतना हसली, गुंजन ओढणी तोंडाला लावून हसली. ताई, मीही हसले. माझ्या मुलांना माहीतच नाही की ते माझं नाव होतं. मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. आईला आई होण्याआधी काही नाव असेल हे मुलांच्या मनात येत नसतं. ह्यांना माहीत होतं. ह्यांचा घास हातात थांबला, एवढं मी पाहिलं. मी वाट पाहिली. मग ह्यांनी कढी मागितली, आणि मी म्हणाले, दुसरं बघा, काहीही चालेल.

उत्तर सुचलं ते भांडी घासताना. भुपेंद्र म्हणजे काय? राजांचा राजा. राजांचा राजा शरणागत, हे शाळेच्या हजेरीपासून विमानतळाच्या ओळखपत्रापर्यंत पस्तीस वर्षं चाललं, त्यात कोणाला शटर दिसलं नाही. पण ते वाक्य मी कढईला ऐकवलं. शेवटी गुंजनने शरण्या सुचवलं, म्हणजे जिला शरण जावं ती. शरण्या शरणागत. अर्थ जुळतो, बांधीपार जातं, फक्त भरभर म्हटलं की तोंडात फुटाणे असल्यासारखं होतं. सगळ्यांना पसंत पडलं, पत्रिका छापायला गेली. नाव चांगलं आहे गं. चांगलं आहे हेच जरा लागतं.

त्या कढीच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि सासूबाई अंगणात तांदूळ निवडत बसलो होतो. त्यांना कमी ऐकू येतं असं समजून आम्ही सगळे त्यांच्यासमोर वाटेल ते बोलतो. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अजिता तं तुयंच नाव होतं ना वो?"

मी मान हलवली.

"मंग काऊन नाही बोलली?"

मी म्हटलं, तुम्ही तरी कुठे बोललात? त्यांनी सुपातला एक खडा वेचून फेकला. मग म्हणाल्या, "मायं बी दुसरं नाव होतं. धुरपता तं इथं आल्यावर ठेवलं. कालपासून आठवून राहिली बाई, येऊनच नाही राहिलं."

त्यांच्या माहेरचं आता कोणी उरलेलं नाही. मी त्यांना देवींची, नद्यांची, फुलांची, सुचतील तेवढी नावं म्हणून दाखवली. प्रत्येक नावाला त्या थोडं थांबायच्या आणि नाही म्हणायच्या. गोमतीजवळ जरा जास्त थांबल्या, पण तेही नव्हतं. तेव्हापासून मी दिवसातून एकदा अजिता असं मनात म्हणून बघते, वीज गेल्यावर बटण दाबून बघतात तसं.

बारसं तेवीसला, रविवारी दुपारी. सकाळच्या गाडीने निघालीस तर जेवणाआधी पोचशील. स्टेशनवर भुपेंद्र येईल. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
नम्रता
(बघ. सवयीने.)

ता. क. येताना दोन सुती दुपटी आण. इथे मिळतात ती पहिल्या धुण्यात रुमाल होतात.

आणखी ता. क. (सिस्टर, माफ करा.) दुपट्यांसाठी पत्र लिहिलेलं नाही. बारशाच्या दिवशी, पाहुणे पानांवर बसायच्या आधी, मी काहीतरी निमित्त काढून बांधीच्या त्या धुऱ्यावर जाईन. तू या धुऱ्यावरून मला हाक मार. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरून मारायचीस तशी, पूर्ण नावाने, अजू नको. मुलीचं नाव शरण्याच राहील, त्यात मला काही बदलायचं नाही. माझं नाव बांधीपार जातं की नाही, एवढंच बघायचं आहे. आणि सासूबाईंनी ऐकावं असं वाटतं. छोटेलाल आले तर त्यांना सांग, बकरी सापडली.

शेवटचं ता. क. हे पत्र नव्या पाकिटातून येतं आहे, त्याचं कारण असं. काल पत्र टाकायला ह्यांच्याकडे दिलं होतं, ते आज ह्यांच्या खिशातून तसंच परत आलं. मला वाटलं, विसरले. बघते तर पाठवणाऱ्याच्या जागी मी लिहिलेलं 'सौ. नम्रता' खोडलेलं, आणि त्यावर ह्यांच्या अक्षरात 'अजीता'. पाकीट माझ्यापुढे धरून ह्यांनी हळूच विचारलं, "चालेल ना?"

मी म्हटलं, नाही चालणार. ज ला पहिली वेलांटी आहे.