कोरडं पान

२ तारीख
पोचले एकदाची! खोली चार पावलांत संपते, पण खिडकीतून पॉलिहाऊसची रांग दिसते आणि नळाला चक्क पाणी आहे. कामही असं की ऐकून धाकटी बहीण पोट धरून हसली होती. सॅलडची पानं काढणीला आली की प्रत्येक वाफ्यातलं एक पान आधी मी चाखायचं. कडवट लागलं तर तो वाफा बाजूला. आमच्या घरी माझ्या जिभेला सगळे वचकून असत, आता तीच मला पोसणार.

५ तारीख
मुकादम भलताच खडूस. मी पान नळाखाली धरलं तर केवढ्याने ओरडला! पाणी लागलं की कडूपणा दबतो, पान कोरडंच चाखायचं, हा इथला नियम. मी नाक मुरडलं. मग त्यानेच एक पान खुडलं, त्यावरची तांदळाएवढी बिनशंखाची गोगलगाय टिचकीने उडवली आणि पान मटकावलं. फवारणी करत नाही म्हणून ही असायचीच, असं वर ऐकवलं. मग मी तरी मागे कशाला राहू? दिवसभर टिचक्या मारल्या आणि चाखलं. एकही कडू वाफा सुटला नाही. मुकादमाने उद्याचे वाफेही मलाच दिले, म्हणजे खूश असणार.

११ तारीख
धाकटी राहायला आली. येताना बॅगेत कपडे कमी आणि उशा जास्त. आई गेल्यापासून तिचं सगळं माझ्याकडेच. कुठे नोकरी मिळत नाही म्हणून हिरमुसली आहे. एकाच गादीवर दोघी झोपतो आणि ती लाथा मारते. तरी बरं वाटतं घरात कुणीतरी असलं की.

१९ तारीख
दोन दिवस डोकं ठणकतंय. मान वळवली की कळ थेट कपाळात जाते. धाकटी म्हणते, उशी बदल. विचित्र म्हणजे अंगावरची चादर टोचते. मऊ, जुनी सुती चादर. हाताला मुंग्या, आणि साधी बाहीसुद्धा सहन होत नाही.

२१ तारीख
उठवेना. नोकरी जायला नको म्हणून फोनवरूनच मुकादमाकडे शब्द टाकला, बरी होईपर्यंत धाकटीला घ्या. कुरकुरत का होईना, हो म्हणाला. धाकटीला सगळं मीच शिकवलं. पान खुडायचं, टिचकी मारायची, पाणी अजिबात लावायचं नाही. पोरगी केवढी आनंदली!

२४ तारीख
दवाखाना. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. डॉक्टरांनी सांगितलं, गोल जंतांची पिल्लं आहेत. पोटातून निघून डोक्यात पोचली आहेत. मला हसू आलं, जंत म्हणजे लहान मुलांचा आजार ना? ते हसले नाहीत. मारायचं औषध दिलं तर मेलेल्या जंतांनी मेंदूची सूज आणखी वाढू शकते, म्हणून आता फक्त सूज उतरवायची आणि वाट बघायची. कच्च्या गोगलगायी खाल्ल्या होत्या का, असं विचारलं. आम्ही दोघीही एकदम शी म्हणालो.

२७ तारीख
तोंड एका बाजूला ओघळलंय. पाणी पिताना सांडतं. उजव्या पायात जोर नाही. डोक्यात काहीतरी हिंडतंय हे माहीत असून पडून राहायचं – फार भीती वाटते. धाकटी कामाहून येते, पाय चेपते. स्पर्श झोंबतो, पण नको म्हणवत नाही.

२९ तारीख
शब्द गेले. मनात आहेत, बाहेर नुसता घोगरा आवाज.
परिचारिकेने सफरचंद आणलं. न धुता काही खायचं नाही म्हणाली, कच्च्या पालेभाज्या तर नाहीच, त्यांवर बारीक गोगलगायी असतात, त्यांच्या चिकट मागातही हे जंत असतात –
टिचकी. पान. देवा, धाकटी!
रोज सकाळी खाते आहे. मीच शिकवलं.

३० तारीख
ती आली. मी ओरडले. नुसता आवाज. हाताने तोंडाकडे दाखवलं, पान खुडल्याची खूण केली – तिला वाटलं नोकरीची काळजी. म्हणाली, एकही वाफा चुकवत नाही गं, ताई, तू निश्चिंत राहा.
परिचारिकेला वही दाखवली. डोळ्यांना विश्रांती हवी म्हणून तिने मिटून ठेवली. वहीचं पान फाडायला गेले, बोटांत जोर नाही –

१ तारीख
एकाच्या दोन ओळी दिसतात. कुठल्या ओळीवर लिहू –
अजून बरी आहे ती. आज थांबली तर कदाचित – कदाचित –

१ तारीखच, संध्याकाळ
आली. मुकादमाने कायम केलंय तिला. नाचायचीच बाकी होती.
वही उघडून तिच्यापुढे ढकलली. तिने हात मागे घेतले. लहानपणी एकदा चोरून वाचली म्हणून तू बोलणं टाकलं होतंस ना, तेव्हापासून शपथ आहे, ताईची वही वाचायची नाही, म्हणते. बरी झालीस की तूच वाचून दाखव.
अगं वेडे – वाच – वाच ना –
हसतेय. डोळे घट्ट मिटून हसतेय. लवकर निघायचंय, पहाटे काढणी आहे –
धाकटे, उघड डोळे – उद्याचं पान तोंडात घा