उभ्या रेषा

शनिवार, ७ तारीख

ती. वहिनीस,

शिरसाष्टांग नमस्कार. मी ठीक आहे. गुडघा जिने चढताना कुरकुरतो, पण माझं ऐकतो. तुमची झोप सुधारली असेल आणि तुम्ही दुपारचं जेवण टाळत नसाल अशी आशा करतो. टाळत असणार हे मला ठाऊक आहे, पण पत्राच्या सुरुवातीला असंच लिहायचं असतं.

दादाने बांधलेल्या इमारतीवरच्या पुस्तकाच्या फोटोंसाठी तुम्ही दोनदा फोन केलात आणि मी दोन्ही वेळा "होतंय, होतंय" म्हणालो. ते खोटं नव्हतं. बरेचसे झाले आहेत आणि स्वतःच्या तोंडाने सांगतो, चांगले झाले आहेत.

पूर्वेची भिंत मी समोरून घेतलीच नाही. सकाळचं पहिलं ऊन भिंतीवर पडत नाही, तिला घासून जातं. तेवढ्यापुरता दादाने मुद्दाम खरबरीत ठेवलेला गिलावा असा उठून येतो की गवंड्याच्या हाताची वळणं मोजता यावीत. ऊन जरा वर चढलं की तीच भिंत पुठ्ठ्यासारखी सपाट होते. पुढची बाजू सूर्य मावळल्यानंतर घेतली. आभाळात निळा उजेड असतो आणि खिडक्यांत पिवळा. दोन्ही एकाच तोलाचे होतात तो क्षण पकडायचा. आधी घेतलं तर खिडक्या मेलेल्या दिसतात, उशीर झाला तर नुसत्या खिडक्याच तरंगतात. त्या फोटोत तुमच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला आहे. तुम्ही ओट्याशी असाल, पण दिसत नाही.

जिना मात्र माझा खास. तळमजल्यावर कॅमेरा आभाळाकडे तोंड करून ठेवला आणि काळी काच लावून शटर बराच वेळ उघडं सोडलं. असं केलं की जे हलतं ते फोटोत उरत नाही. जे थांबतं ते राहतं, आणि जे थोडं थांबून मग हलतं त्याचं धुकं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका मुद्दाम वर-खाली करत राहिले. फोटोत त्यांचा पत्ता नाही. ते स्क्रीनवर बघून म्हणाले, म्हणजे मी आज जिना चढलोच नाही असं समजायचं का? मग गुडघे कशाने दुखतायत?

मी हसलो. पण घरी येऊन तो फोटो मोठा करून पाहिला तेव्हा हसू आलं नाही. इतका राबता असलेला जिना, आणि सगळे एका हाकेसरशी उठून निघून गेल्यासारखा.

पॅसेजचा फोटो अजून छापलेला नाही. तुम्हाला तोच सगळ्यात आधी हवा आहे, हे मी विसरलेलो नाही. शिवाय समोरच्या बाजूच्या उभ्या रेषा माझ्या मनासारख्या येत नाहीत. लेन्समध्ये दोष असावा म्हणून ती दुरुस्तीला दिली होती. दुरुस्तीवाल्याने ती तशीच परत केली आणि वर म्हणाला, साहेब, लेन्स ठणठणीत आहे, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. त्याच्या दुकानात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

एक विनंती आहे. थोडे दिवस बहिणीकडे जाऊन राहा. ती कधीची बोलावते आहे. आणि गच्चीवरची टाकी निम्मीच भरायला मी वॉचमनला सांगितलं आहे. तो विचारायला आला तर हो म्हणा. कारण मला नीट मांडता आलं की कळवतो.

तुमचा,
भाऊजी


गुरुवार, १२ तारीख

ती. वहिनीस,

नमस्कार. काल फोनवर तुम्ही म्हणालात, "भाऊजी, बहिणीकडे माझी सोय होईल. पण हे संध्याकाळी येतात ते इथे येतात. दार उघडून बघतील आणि घरात कुणीच नसेल तर?" त्यावर मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. तुम्हाला वाटलं असेल मला राग आला. राग आला नव्हता. मला समोरासमोर बोलता येत नाही, फोनवर तर नाहीच. म्हणून लिहितो. या वेळी सगळं लिहितो. हातातलं काम बाजूला ठेवून, बसून वाचा.

त्या संध्याकाळपासून सुरुवात करतो. पॅसेजच्या टोकाला मी तिपाई लावली होती आणि तुम्ही मागे, हॉलच्या खुर्चीत बसला होतात. दादाच्या कामाच्या खोलीचं दार बंद होतं. तुम्ही हळूच म्हणालात, आता यांची यायची वेळ झालीच आहे. मी मनात म्हटलं, वहिनींचं मन राखायचं, एक फोटो घ्यायचा आणि चहा घेऊन निघायचं. काळी काच लावली, शटर उघडलं. खाली पंप सुरू झाल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने लॅचची जीभ टक् करून सुटली आणि दार उघडायला लागलं. सावकाश. दादा कागदांच्या गुंडाळ्या दोन्ही काखांत धरून खांद्याने दार लोटायचा ना, अगदी तसं.

माझ्या मानेवर काटा आला, हे आधी कबूल करतो.

शटर बंद झालं आणि फोटो स्क्रीनवर आला. एकाच चौकटीत दार बंदही होतं आणि उघडंही, आणि मधे माणसाच्या उंचीचं फिकट धुकं. तुम्ही उठून आलात. बोट स्क्रीनपर्यंत नेलं, टेकवलं नाही. "आलेत," एवढंच म्हणालात. मग मला विचारलंत, "हा मोठा करून द्याल?"

ते धुकं दाराच्या कडेचं होतं, वहिनी. आधी थांबलेलं आणि मग हललेलं पांढरं दार. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. एरवी कुणी माझ्या फोटोतल्या सावलीला डाग म्हटलं तर मी त्याच्याशी तासभर वाद घालतो. तुमच्यापुढे मात्र "देतो की" म्हणालो आणि सामान आवरलं. दादा गेल्यानंतर कितीतरी महिन्यांनी तुमचा चेहरा मोकळा झाला होता. तो मी कुठल्या तोंडाने बंद करणार होतो?

घरी येऊन समोरच्या बाजूचे फोटो सरळ करायला बसलो. माझं हे वेड तुम्हाला माहीत आहे. उंच इमारतीकडे कॅमेरा वर करून पाहिलं की तिच्या कडा वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे रेलल्यासारखी दिसते. मला ते खपत नाही. मी कॅमेरा पाणसळीत बसवतो, लेन्स वर सरकवतो आणि तरी काही उरलंच तर कॉम्प्युटरवर फोटो किंचित फिरवून कड उभी करतो. दादा चिडवायचा, पासपोर्टच्या फोटोंवर हात बसवलास, आता घरांचेही पासपोर्टच काढतोस, मान ताठ, दोन्ही कान दिसले पाहिजेत. रेषा उभी कशी ठेवायची हे तो रीतसर संस्थेत शिकला होता, मी रोल वाया घालवून. पण रेषेच्या बाबतीत त्याने माझ्यावर बोट ठेवलं नाही कधी.

तर त्या दिवशी दादाची इमारत सरळ केली की शेजारची भिंत कलायची. शेजारची भिंत सरळ केली की दादाची इमारत कलायची. दोन्ही एका वेळी उभ्या राहीनात. पाणसळीतला बुडबुडा तर बरोबर मधोमध होता. तेव्हाच मी लेन्स दुरुस्तीला दिली. दुसरं काही असू शकतं, हे माझ्या डोक्यात येऊच शकत नव्हतं. इमारत दादाची होती.

लेन्स परत आली त्या दिवशी मी जुने फोटो काढले. इमारत नवी होती तेव्हापासून दर वर्षी मी समोरच्या फुटपाथवरून एक फोटो घेत आलो आहे. हौस म्हणून. दर वर्षी घरी येऊन तो थोडासा फिरवला आहे. तिपाई नीट लावली नसेल, असं म्हणून स्वतःलाच बोल लावला आहे. किती फिरवलं हे कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. मी ते सगळं काढून टाकलं आणि फोटो मूळ होते तसे एकामागून एक पाहिले. इमारत मान कलती करत जाते, वहिनी. मागून कुणी हाक मारावी आणि आपण ऐकायला थांबावं, तशी. पहिली काही वर्षं नुसता भास वाटावा इतकीच. शेजारी तळघराचा खड्डा खणायला घेतला तेव्हापासून स्पष्ट.

तरी माझा माझ्यावर विश्वास बसेना. म्हणून परवा जिन्याच्या पोकळीत वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडला. शिंपीकाका कठड्याला टेकून बघत होते. त्यांना म्हटलं, कॅमेऱ्याचं काम आहे. ते बराच वेळ दोरीकडे बघत राहिले, वर आणि खाली. उभा जन्म कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांत गेलेला माणूस, त्यांच्यापासून काय लपणार. शेवटी म्हणाले, "भाऊ, कापड तिरकं कापलंय की टेबलच तिरकं आहे?"

मी म्हटलं, "टेबल."

ते आत गेले. थोड्या वेळाने शिलाई यंत्राचा आवाज बंद झाला.

मग दादाच्या जुन्या जोडीदाराला बोलावलं, तेच, आपण ज्यांना मागे 'टोपीवाले' म्हणायचो ते इंजिनियर. त्यांनी भेगांवर काचेच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली की काच तडकते, एवढा साधा हिशोब. आज सकाळी जिन्याखालची पट्टी तडकलेली होती. त्यांनी टोपी काढून हातात धरली. तेव्हाच मला कळलं. म्हणाले, रविवारपर्यंत सगळ्यांना बाहेर काढा, टाकीत पाणी चढवू नका. मी विचारलं, दोष कुणाचा? तो शेजारचा खड्डाच ना? मला त्यांच्याकडून हो ऐकायचं होतं. ते म्हणाले, पाया उघडल्याशिवाय मी कुणाचंच नाव घेणार नाही. त्या नावांत त्यांच्या मित्राचं, आपल्या दादाचंही नाव येतं, तरी त्यांनी ते झाकलं नाही. म्हणून मीही तुमच्यापासून झाकत नाही. चूक दादाची निघू शकते. पुस्तक थांबेल. लोक बोलतील. ज्यांनी त्याच्यावर विसंबून घरं घेतली त्यांना बोलण्याचा हक्क असेल.

आता दाराचं. हे लिहायला मी तीन कागद फाडले.

इमारत कलली तशी चौकट कलली. लॅचची जीभ आता जेमतेम टोकावर अडकते. खालचा पंप सुरू झाला की भिंतीत कंप जातो, जीभ सुटते आणि दार आपल्याच वजनाने उताराकडे जातं. पंप संध्याकाळी त्याच वेळेला लागतो, म्हणून दार त्याच वेळेला उघडतं. वॉचमनला विचारलं, ही वेळ कुणी ठरवली? तो म्हणाला, साहेबांनीच लावून दिली होती. ते घरी आले की त्यांना अंघोळीला पाणी लागायचं.

एवढं तुमच्यासाठी राखून ठेवता आलं. याहून जास्त काही मला सापडलं नाही.

आणि एक गोष्ट, जी मी टोपीवाल्यांनाही सांगितलेली नाही. मंगळवारी सकाळी तुम्ही दवाखान्यात गेला होतात तेव्हा तुम्ही दिलेल्या किल्लीने मी घरात गेलो. खात्री करायची होती. वॉचमनला खाली पंप सुरू करायला सांगितलं आणि दादाच्या खोलीत त्याच्या खुर्चीत बसून राहिलो. काय होणार, कशाने होणार, कोणत्या क्रमाने होणार, सगळं मला ठाऊक होतं. पंपाचा आवाज आला. जीभ सुटली. दार आत यायला लागलं.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

तो खोलीत आला की मी लहानपणापासून उठतो, तसाच. दार भिंतीला टेकून थांबलं तरी मी उभाच होतो. त्या खुर्चीत पुन्हा बसायचं माझं धाडस झालं नाही. तेव्हा तुम्ही म्हणता ते येतात, त्यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. पण ज्या घरात ते येतात ते घर आता उभं राहणार नाही, आणि तुम्ही त्याच्या आत आहात.

सोबत पॅसेजचा फोटो पाठवतो आहे, तुम्ही मागितला तेवढा मोठा. तो तुमचा. समोरच्या बाजूचाही पाठवतो. तो मी सरळ केलेला नाही. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून वाकडा फोटो बाहेर जातो आहे. खाली माझी सही आहे.

शिंपीकाका उद्याच निघत आहेत. बाकीच्यांना टोपीवाले आणि मी दारोदार जाऊन सांगतो आहोत. रविवारी सकाळी मी टेम्पो घेऊन येईन. त्या दिवसापासून टोपीवाल्यांनी सगळ्यांनाच वर जायची मनाई केली आहे, मलाही. तुम्ही खाली आलात तर उत्तम. नाही आलात तर मी मनाई मोडून वर येईन, हॉलमध्ये बसेन, आणि तुम्ही उठेपर्यंत तिथून हलणार नाही. मग त्या इमारतीत आपल्या घरची दोन माणसं असतील. दादाला हे चाललं असतं का, तेवढं रविवारपर्यंत ठरवा.

फुटपाथवर, वर बघत उभा असलेला,
तुमचा भाऊजी